मदत करायची नाही

मेंदूविज्ञानात पीएचडी करणाऱ्या त्या मुलीने विभागाच्या वेबसाइटसाठी स्वतःबद्दल चार ओळी लिहून दिल्या होत्या. विषय, पक्षाघातानंतर गेलेली वाचा. छंद, पोहणं. आणि शेवटी, माणसांची मनापासून आवड. आवड म्हणे! त्या दिवशी समोर बसलेल्या बाईंना ती कच्चं खायच्या बेतात होती.

बाई म्हणजे वकीलसाहेबांच्या पत्नी. साहेबांनी उभा जन्म कोर्टात बोलण्यात घालवला आणि एका झटक्यात त्यांची वाचा गेली. मुलगी त्यांची घेत होती ती चाचणी साधी होती. चित्र दाखवायचं, त्यांनी नाव सांगायचं. मदत मात्र कुणी करायची नाही, पहिलं अक्षरसुद्धा पुरवायचं नाही. पुरवलं की ते चित्र बाद. साहेबांचे ओठ हलायला लागले की बाई हळूच म्हणायच्या, कुलूप. मग शिडी. मग कात्री. तीन चित्रं मातीत गेली.

मुलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला आत्या आठवली. बाबांना असाच झटका आला तेव्हा आत्या त्यांचं प्रत्येक वाक्य पुरं करायची. त्यांनी पाणी मागायच्या आत पेला पुढे. बाबांनी शेवटी तोंड उघडणंच सोडलं. आत्याला कुणी एका शब्दाने बोललं नाही, कारण मोठ्यांना बोलायचं नसतं. तो राग पोटात घेऊनच ही पोरगी एवढी शिकली, आणि आज तो सगळा या बाईंवर निघाला.

"तुम्हीच त्यांना मुकं केलंय," ती म्हणाली. "बाहेर बसा."

बाई गुपचूप उठल्या. यांना घाम फुटला तर थांब हं बाळ, एवढंच सांगून गेल्या.

मुलीने चष्म्याचं चित्र ठेवलं. साहेबांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते दाराकडे बघत होते. त्यांच्या कपाळावर घाम आला. तिला तो दिसला, तरी तिने हट्टाने पुढचं चित्र ठेवलं. आता बोलतील, बोललेच पाहिजेत, म्हणून त्यांच्या ओठांवर डोळे लावून बसली. साहेबांनी हाताच्या एका फटक्यात सगळी चित्रं जमिनीवर उडवली.

"ती," ते म्हणाले. मग बराच वेळ नुसता श्वास. "माझी... बायको. तू... कोण?"

दार उघडलं. बाईंनी बाहेरून ऐकलं होतं. मुलीकडे न बघता त्या आत आल्या आणि रुमालाने नवऱ्याचं कपाळ पुसू लागल्या.

"माझ्यासाठी भांडलात ना?" त्यांनी विचारलं, आणि या वेळी उत्तर न पुरवता त्या थांबल्या.

"हो," साहेब म्हणाले.

मुलगी गुडघ्यावर बसून चित्रं गोळा करत राहिली. वर बघायची तिची हिंमत झाली नाही. राग अजून होताच, पण आता तो काढायला स्वतःशिवाय दुसरं कुणी उरलं नव्हतं.