आईची केस
साथीमुळे वॉर्डात विद्यार्थ्यांना मज्जाव होता, पण परीक्षा काही टळली नाही. मानसोपचार विभागाने फतवा काढला: घरातल्याच कुणाला तरी पेशंट म्हणून कॅमेऱ्यासमोर बसवा आणि केस मांडा. आजार चिठ्ठ्या टाकून ठरले. चौथ्या वर्षाच्या एका मुलीच्या वाट्याला आला स्वतःला उपाशी ठेवण्याचा आजार.

घरात ती आणि आई, दोघीच. आई शिवणकाम करायची, अंगाने चांगली भरलेली. मुलीने तिला दोन पानं संवाद लिहून दिले. आईने ते मशीनवर ठेवून दोन दिवस घोकले.

परीक्षेत मुलीने पहिला प्रश्न विचारला, "बाई, जेवण कसं आहे तुमचं?"

"मला भूकच लागत नाही," आईने पाठ केलेलं म्हटलं. मग पानं बाजूला सारली. "खोटं आहे हे. भूक लागते. पण ताट खोलीत नेते, आतून कडी लावते आणि पाव खिशात कोंबते. तो धुण्यात सापडतो."

"आई, हे पानावर नाहीये," मुलगी कुजबुजली.

"पेशंटला मध्येच तोडू नका," पडद्यावरून परीक्षक म्हणाले. "कधीपासून हे?"

"वर्ग घरून सुरू झाले तेव्हापासून. दिवसभर पडद्यावर आपलाच चेहरा बघायचा. मला तो सुजलेला दिसतो."

परीक्षकांनी मान वाकडी करून आईकडे निरखून पाहिलं. "तशा तुम्ही बारीक दिसत नाही."

"कॅमेरा जाड दाखवतो, साहेब. एप्रन तीनदा आत घेतलाय."

"शिवताना एप्रन घालता?"

"पांढरा. कॉलेजचा."

परीक्षकांनी तेही लिहून घेतलं. मुलीचे कान तापले होते, पण यादीतला पुढचा प्रश्न राहून गेला तर गुण जाणार होते. ती पुटपुटली, "पाळी?"

"चार महिने नाही."

"या वयात ते साहजिकच आहे," परीक्षक म्हणाले.

"बावीस वर्षांच्या वयात?" आईने विचारलं.

परीक्षकांचं पेन थांबलं. त्यांनी आधी आईकडे पाहिलं, मग बराच वेळ मुलीकडे.

"डॉक्टर," ते मुलीला म्हणाले, "या पेशंटला तुम्ही काय सांगाल?"

उत्तर तिला तोंडपाठ होतं, मुद्द्यांसकट. तिने यादी पालथी ठेवली.

"आधी रक्त तपासू," ती म्हणाली. "ईसीजी काढू. आणि... तिला रागावू नका म्हणून सांगेन. घरच्यांना."

"कुणी रागावलंय का?" आई म्हणाली.

"उद्या दहाला मी ओपीडीत आहे," परीक्षक म्हणाले. "पेशंटला घेऊन या."

"कोणत्या?" मुलीने विचारलं.

"ते तुम्ही दोघी ठरवा."

दुसऱ्या दिवशी दोघी मास्क लावून ओपीडीच्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या. "पेशंट कोण?" कारकुनाने विचारताच आईचा हात आपोआप वर गेला. मुलीने तो धरून खाली घेतला आणि स्वतःचं नाव सांगितलं.

परीक्षेत ती पास झाली. पेशंटने जास्त बोलल्याबद्दल दोन गुण कापले गेले आणि आईला ते फार लागलं. उपचार मात्र वर्षभर रेंगाळले. कधी अर्ध्या ताटाला दोन तास लागत, कधी भांडण होऊन दार आपटलं जाई. आई दाराबाहेर खुर्ची टाकून काजं करत बसे. उन्हाळ्यात एका दुपारी मुलगी ताट घेऊन बाहेर आली, तिच्या शेजारी जमिनीवर बसली आणि जेवली.