कोरडी पूजा

मंगळवारी सकाळी सव्वासहाला मुखेड तालुक्यातल्या एका वाडीत नागप्पा या वयस्कर शेतकऱ्याच्या छातीत कळ आली. शेजारचा मलप्पा चावी घेऊन धावत आला. त्याची नवी इलेक्ट्रिक गाडी अंगणात चार्ज होऊन उभी होती. रात्रभर परतीचा पाऊस झाला होता आणि गावाबाहेरच्या फरशी पुलावरून घोट्याएवढं पाणी वाहत होतं. नागप्पाची बायको बसम्मा म्हणाली, "त्या गाडीत न्हाई." मलप्पानंही आग्रह धरला नाही. ट्रॅक्टरवाल्याला उठवलं, ट्रॉलीत गादी टाकली, वर ताडपत्री धरली. मुखेडपर्यंत गाडीनं पाव तासाचा रस्ता. ट्रॅक्टरला तासाहून जास्त लागला. मुखेडहून रुग्णवाहिकेनं नांदेडला नेलं.

त्या गाडीत का नाही, हे वाडीत कुणी कुणाला विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं. सांगणारा माणूस घरचा होता.

रामलिंग हा नागप्पाचा जावई. लातूरला हेरॉन या मोटार कंपनीच्या शोरूममध्ये तो विक्री व्यवस्थापक आहे. एवढे दिवस या पट्ट्यात हेरॉनला स्पर्धा अशी नव्हतीच. यंदा लुमेक या कंपनीनं मोठी शहरं सोडून आधी तालुक्याची गावं धरली. मुखेड, नायगाव, भोकर. छोटी इलेक्ट्रिक गाडी, घरच्या साध्या प्लगवर चार्ज होणारी. दसऱ्याच्या तोंडावर हेरॉनची गिऱ्हाइकं तिकडं वळू लागली. हेरॉनकडं इलेक्ट्रिक गाडी नव्हती.

नांदेडच्या बैठकीत विभागप्रमुख शिवप्रसाद यांनी धोरण सांगितलं. "आपल्याकडं उत्तर नाही. मग त्यांच्या गाडीबद्दल प्रश्न उभा करा. खोटं बोलू नका. फक्त विचारा."

प्रश्न रामलिंगला सुचला, मुखेडच्या आठवडी बाजारात. हेरॉनच्या मंडपात एक म्हातारी सुनेला घेऊन आली होती. लुमेकची गाडी बघून आलो, म्हणाली.

"मावशी, गाडी चांगलीच हाय," रामलिंग म्हणाला. "पण दसऱ्याला धुणार कशी?"

"कशी म्हंजे? पाण्यानं."

"खाली सगळी बॅटरी हाय. तुमी तांब्या वतणार, हळदकुंकू वल्या हातानं लावणार..."

"मंग?"

"मी काई म्हणत न्हाई. त्यांनाच इचारा."

सुनेनं सासूचा दंड धरला. "चला आत्या. पूजा करताना करंट बसला तर मामंजी मलाच बोलतील."

मंडपात हशा पिकला. रामलिंगही हसला. गाडी पाण्यानं धुता येते, पाण्यातून चालते, हे त्याला ठाऊक होतं. लुमेकची गाडी खोलून पाहायला हेरॉननंच त्याला पुण्याला पाठवलं होतं.

तो प्रश्न पुढच्या बाजारापर्यंत प्रश्न राहिला नाही. नायगावात कुणाच्या तरी सुनेला झटका बसला होता, भोकरला बैल मेला होता. कुणाची सून आणि कुणाचा बैल, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. गाडी पाण्यानं धुवायची कशी, यावर लुमेकच्या पोरांकडं उत्तर होतं, पण ऐकायला माणूस थांबत नव्हता. दसऱ्याला हेरॉन पुन्हा पुढं गेली. नांदेडला शिवप्रसादांनी रामलिंगला फेटा बांधला.

दसऱ्याला तो सासरी वाडीला गेला होता. गाडीवाला जावई म्हणून गावात त्याच्या शब्दाला मान; पाण्याचा तो प्रश्न त्यानं तिथंही टाकला होता. मलप्पानं अफवेच्या आधीच गाडी घेतलेली होती. त्यानं ती धुतली नाही. कोरड्या फडक्यानं पुसली, लांब उभं राहून झेंडूची फुलं टाकली, नारळ पायरीच्या दगडावर फोडला आणि पाणी उडू नये म्हणून टोपलं आडवं धरलं.

"जावईबापू, असं चालतंय नव्हं?" त्यानं विचारलं होतं.

"चालतंय की," रामलिंग म्हणाला होता, आणि त्याच्या हातात आपट्याची पानं ठेवली होती. त्या दिवसापासून पाऊस आला की मलप्पा गाडी हलवत नसे.

मंगळवारी दुपारी रामलिंग आणि त्याची बायको पुनम लातूरहून नांदेडच्या दवाखान्यात पोचले. नागप्पा अतिदक्षता विभागात होता. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आला असता तर बरं झालं असतं. पुनम कागदांवर सह्या करायला आत गेली.

बाकड्यावर बसम्मा होती, बाजूला मलप्पा. तिच्या लुगड्याचा काठ अजून ओला होता. जावयाला बघताच ती उठून उभी राहिली. "जावईबापू, तुमचे लई उपकार हाईत," ती म्हणाली. "तुमी सांगून ठिवलं म्हणून. न्हाईतर त्या पाण्यात सगळेच गेलो असतो."

"आत्या, तुम्ही बसा."

"ह्यो मलप्पा निघालाच होता बघा. म्या म्हणलं, आमच्या जावयानं सांगितलंय."

रामलिंगचा फोन वाजला. तो व्हरांड्यात गेला. शिवप्रसाद होते. आवाज आनंदी होता. संक्रांतीला हेरॉनची स्वतःची इलेक्ट्रिक गाडी येत होती.

"मग ती पाण्याची गोष्ट आता खोडून काढावी लागेल, सर," रामलिंग म्हणाला.

"खोडायची कशाला? आयती भीती हातात आहे. म्हणायचं, त्यांची करंट मारते, आपली मारत नाही. संक्रांतीला आपली गाडी लोकांसमोर पाण्यानं धुऊ. तूच धू. सगळ्या तालुक्यांना तुझा व्हिडिओ पाठवतो. आणि हो, उद्या सकाळी नांदेडला ये, बोलू."

"मी नांदेडलाच आहे."

"बरं झालं की मग!"

का आहे, ते शिवप्रसादांनी विचारलं नाही. रामलिंगनंही सांगितलं नाही.

तो परत बाकड्याशी आला. बसला नाही. "आत्या, त्या गाडीला पाण्यानं काही होत नाही," तो म्हणाला. "कधीच होत नव्हतं. मला माहीत होतं. गाड्या खपाव्यात म्हणून मी बोललो."

बसम्मानं त्याच्याकडं पाहिलं, मग मलप्पाकडं, आणि पदरानं डोळे पुसले.

"बघ रे मलप्पा, कसं मन हाय माणसाचं. तुला वाईट वाटू नये म्हणून सवताच्या अंगावर घेऊन राहिले."

"तसं न्हाई, आत्या."

"असू द्या, असू द्या. माजी लेक चांगल्या घरात पडली."

मलप्पाच्या हातात अजून गाडीची चावी होती, सकाळपासून. ती त्यानं खिशात ठेवली, पुन्हा बाहेर काढली.

"जावईबापू," तो खालच्या आवाजात म्हणाला, "खरं सांगा. सकाळी म्या निघालो असतो तर पोचलो असतो का?"

तेवढ्यात पुनम आतून आली. "काय झालं? कुठं पोचलो असतो?"

रामलिंगला फेटा आठवला. डोक्यावर अजून आहे की काय, अशा रीतीनं त्यानं केसांवरून हात फिरवला.

"पोचला असता," तो म्हणाला.

मलप्पानं मान हलवली. पुनम नवऱ्याकडं बघत राहिली. बसम्मा डोळे मिटून जप करू लागली होती. तिनं ऐकलं की नाही, ते कळलं नाही.

बुधवारी सकाळपर्यंतची माहिती अशी: नागप्पा शुद्धीवर नाही. डॉक्टरांनी आणखी एक रात्र मागितली आहे. बैठकीला रामलिंग गेलेला नाही, राजीनामाही दिलेला नाही. शिवप्रसादांचे फोन येत आहेत. पुनम त्याच्याशी बोललेली नाही. मलप्पा मंगळवारी संध्याकाळीच एसटीनं वाडीला परतला. गाडी अंगणातच आहे. त्यानं पाण्याची नळी जोडली होती, असं शेजारी सांगतात. नळ सोडला की नाही, ते कुणी पाहिलं नाही.