आरोहीचा हुकूम

मला स्पॅनिश येत नाही. वडगावात माझे दोन यंत्रमाग आहेत. त्यांच्या खडखडाटात साड्या विणण्यात तीस वर्षं गेली आणि त्यांच्याबरोबर कानही गेले. त्यामुळं मी माणसाचं बोलणं कमी ऐकतो, तोंड जास्त बघतो.

माझी लेक आरोही पंपाच्या कारखान्यात हंगामी कामाला होती. कारखान्यानं मेक्सिकोला यंत्रं विकली. तिथल्या कामगारांना ती कशी चालवायची, हे इथून व्हिडिओवर स्पॅनिशमध्ये सांगणारं माणूस पाहिजे होतं. त्याच्या परीक्षेत पास झाली तर आरोही कायम, नाहीतर महिनाअखेरीस घरी.

रोज संध्याकाळी ती वही उघडून बसायची. 'पारार'चं 'पारे' म्हणजे थांबा, 'कोर्तार'चं 'कोर्ते' म्हणजे कापा, 'आब्रिर'चं 'आब्रा' म्हणजे उघडा. एकदा हुकूम द्यायची घडी कळली की शेकडो क्रियापदं तिच्यात बसतात, म्हणाली. पाठांतर चोख, तरी सराव परीक्षेत शिकवणाऱ्या बाईंनी तिला नापास केलं. "तू सांगत नाहीस, विनवतेस," म्हणाल्या.

मी म्हटलं, "मागाजवळ ये. मी मेक्सिकोवाला. मला थांबीव."

मागावर लांबण लावून चालत नाही. धागा तुटला की हात वर आणि एकच शब्द. हे मी तिला दहा वेळा करून दाखवलं. दहाही वेळा ती 'पारे' म्हणाली, पण मान खाली घालून, पदर पसरल्यासारखी.

"न्हाय थांबणार," मी ओरडलो. "असलं मिळमिळीत बोलाय कुठं शिकलीस गं?"

माझी बायको जयवंता चहा घेऊन दारात उभी होती. "ह्याच घरात," ती म्हणाली. "तुमास्नी कधी कोण 'जेवा' म्हटलंय? 'वाढू का?' असंच इचारतोय आमी. कानाच्या डॉक्टरची चिठ्ठी तीन वर्सं कपाटात हाय. पोरगी दर म्हैन्याला इचारतीया, 'आप्पा, जायाचं का?' तुमी म्हणताय, 'बघू.'"

माझ्यापुढं घरात कुणी चढ्या आवाजात बोलत नाही, याचा मला लई अभिमान होता. त्या दिवशी त्याचीच लाज वाटली. चहा प्यायलो आणि परत मागापाशी उभा राहिलो.

"आप्पापुढं उभी हाईस हे इसर," मी आरोहीला म्हटलं. "सांग."

शुक्रवारपर्यंत तिची मान थोडी वर आली. पुरेशी आली की नाही, ते मला सांगता येत नव्हतं. रात्री झोप लागली नाही.

शनिवारी परीक्षा देऊन ती चार वाजता आली, ती थेट मागापाशी. हात वर केला आणि म्हणाली, "पारे!"

मी माग बंद केला. "झालीस पास?"

"झाले. व्हिडिओवर मेक्सिकोचा गडी पहिल्याच शब्दाला थांबला." मग तिनं पर्समधून डॉक्टरची चिठ्ठी काढली. "आप्पा, चपला घाला. डॉक्टर सहापर्यंत असत्यात."

'बघू' ओठांवर आलं होतं, ते गिळलं आणि चपला शोधायला लागलो. जयवंतानं त्या आधीच उंबऱ्यापाशी आणून ठेवल्या होत्या.