मशरूमचं सूप

सासूबाईंनी कपात मिरपूड भुरभुरवली, चिमूटभर मीठ टाकलं, वर लोण्याचा गोळा सोडला आणि कप सुनेपुढे सरकवला. सुनेने श्वास रोखून तो घशाखाली ढकलला. खारट कॉफी कशी लागते हे शत्रूलाही कळू नये. पण ही शिक्षा तिने स्वतःच्याच जिभेने ओढवून घेतली होती.

तिचं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं. या वेळी दिवस राहिले तशी सासूबाईंनी घरातली कॉफी बंद केली आणि सुनेने मुकाट मान डोलावली. पण चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या नाकावर फ्रेमा बसवताना तिचेच डोळे मिटायला लागले. मग एका मैत्रिणीने मशरूमची कॉफी सुचवली. कॉफी नावापुरती, बाकी वाळवलेल्या मशरूमची पूड, अगदी नैसर्गिक. सुनेला तो 'नैसर्गिक' पुरला. तिने पूड साध्या बरणीत ओतली आणि पाकीट फेकून दिलं.

एकदा सासूबाईंनी सुनेच्या हातात कप पाहिला, तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं की मशरूमचं सूप आहे. झालं. सासूबाई हरखल्या. दुसऱ्या दिवसापासून सूप करायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. जुन्या सर्दीने त्यांचं नाक कामातून गेलेलं, तेही सुनेच्या पथ्यावर पडलं.

त्या दिवशी दोघी तपासणीला गेल्या. डॉक्टरीणबाईंनी बाळाचे ठोके ऐकवले. चांगले खणखणीत होते. मग त्यांनी खाण्यापिण्याचं विचारलं. सुनेने तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी सगळं सांगून टाकलं: दूध, फळं, भाज्या, आणि रोज सकाळी न चुकता मशरूमचं सूप, त्यांच्या हातचं.

"छान. मशरूम नीट शिजलेले असले की झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सासूबाईंनी सुनेकडे इतक्या कौतुकाने पाहिलं की तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोघी उठल्याही. आता गप्प बसली असती तर निभावलं असतं. पण तिच्या थापेवर डॉक्टरांचं शिक्कामोर्तब झालं होतं, आणि उद्या सकाळी तोच कप पुन्हा पुढे येणार होता. ती परत खुर्चीत बसली.

"ते सूप नाहीये," ती टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाली. "मशरूमची कॉफी आहे. मी आईंशी खोटं बोलले."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. पुडीत नेमके कोणते मशरूम आहेत, एवढंच त्यांनी विचारलं. ते तिला सांगता येईना, आणि पाकीट तर कधीच कचऱ्यात गेलं होतं. साधी कॉफी थोडीशी घेतली असती तरी चाललं असतं, डॉक्टरीणबाईंनी समजावलं; पण असल्या पुडींचा गरोदरपणात काय परिणाम होतो हे कुणी नीट तपासलेलंच नाही. घातक आहे असं त्या म्हणणार नव्हत्या, बिनधोक आहे असंही नाही. तेव्हा आजपासून बंद.

सुनेने बोलणी खायची तयारी ठेवली. दोन शब्द कडक ऐकवले असते तर तिला हलकं वाटलं असतं. पण सासूबाई तिच्याकडे बघतच नव्हत्या. हातातल्या पिशवीचा बंद पिळत त्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलाजवळ सरकल्या.

"डॉक्टर, हिला थकवा येतो म्हणून मी एकाऐवजी दोन चमचे घालत होते. हिला न सांगता." त्या आणखी पुढे वाकल्या. "माझ्या हातून बाळाला काही झालं नसेल ना?"

सुनेला त्यांचा हात धरावासा वाटला. पण तिला हात काही उचलवेना.