मुरुडच्या घरातला आकडा

मित्रांनो, मी एक जुना मायनर आहे. मायनर म्हणजे खाणीत उतरणारा, पण माझ्या पायाला कधी माती लागली नाही, कारण मला पायच नाहीत. बुटाच्या खोक्यापेक्षा थोडा मोठा पत्र्याचा डबा, दोन्ही बाजूंना पंखे आणि पोटात चिपांच्या रांगा, एवढाच माझा संसार. संगणकावर चालणारी जी आभासी नाणी असतात, त्यांचा हिशेब जगभरातली माझ्यासारखी यंत्रं राखतात. त्या हिशेबाचं एकेक पान बंद करायला एक आकडा लागतो. तो कुठल्याही सूत्राने निघत नाही. एक लावून बघायचा, चुकला की दुसरा लावायचा. ज्याला तो सापडेल त्याला बक्षीस म्हणून नवी नाणी मिळतात. जन्मभर मी हेच केलं, आणि सांगायला संकोच कशाला, झकास केलं. तुम्ही 'एक' म्हणेपर्यंत मी इतके आकडे लावून बघायचो की ते लिहायला तुमच्या शाळेतल्या सगळ्या वह्या पुरल्या नसत्या.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. तारुण्य एका थंड मुलुखात, नदीवरच्या वीजघराला लागून असलेल्या गोदामात गेलं. तिथे माझे हजारो भाऊ फळ्यांवर ओळीने बसलेले असत. वीज स्वस्त, हवा गार आणि देखभालीला माणसं. सगळे मिळून आकडा शोधायचो आणि मिळेल ते मालकाच्या पदरात टाकायचो. मग नव्या पिढीची यंत्रं आली. ती माझ्याएवढंच काम निम्म्या विजेत करायची. मालकाने आम्हाला फळीवरून उतरवलं, खोक्यात भरलं आणि घाऊक भावात विकून टाकलं. कुणी वाईट बोललं नाही, पण कुणी निरोपही दिला नाही.

असा फिरत फिरत मी लातूरला महेबूबभाईंच्या जुन्या संगणकांच्या दुकानात आलो. तिथेच मला व्यंकट भेटला. मुरुडला त्याचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. मोबाइलवर कुणीतरी सांगताना त्याने ऐकलं होतं की यंत्र घरात लावा, निवांत झोपा, कमाई आपोआप होते. महेबूबभाई सरळ माणूस. ते म्हणाले, "व्यंकटभाऊ, मशीन लई भारी हाय, पर खातंय बी लई. घरचं मीटर बघून घ्या."

"खाऊ द्या की," व्यंकट म्हणाला. "कमावतंय बी तेवढंच."

घराचा पत्रा काढून स्लॅब टाकायला बाजूला ठेवलेली रक्कम माझ्यावर खर्च झाली. बसमध्ये त्याने मला मांडीवर घेतलं. मुरुड येईपर्यंत त्याच्या पायाला मुंग्या आल्या, पण त्याने मला खाली ठेवलं नाही. इतक्या मायेने मला आजवर कुणी उचललं नव्हतं, हे मी आजही विसरलेलो नाही.

घरी आल्यावर मला मधल्या खोलीत टेबलावर बसवून बटण दाबलं. माझा आवाज घुमला. गोदामात हजारोंच्या गोंगाटात तो कुणाला ऐकू गेला नसता, पण मुरुडच्या गल्लीत तो चार घरं ओलांडून गेला. थोड्या वेळाने शेजारच्या गुणाबाई ज्वारीचा डबा कमरेवर घेऊन दारात हजर झाल्या.

"मनिषा, गिरणी टाकली म्हणून सांगितलं बी न्हाईस," त्या म्हणाल्या. "एवढं दळण घे बाई."

मनिषा म्हणजे व्यंकटची बायको. ती हसून म्हणाली, "गिरणी न्हाई मावशी. हे मशीन आकडा शोधतंय."

"म्हंजी रिकामी गिरणी चालवून राहिलात होय?" असं म्हणून गुणाबाईंनी डबा उचलला आणि त्या निघून गेल्या. मला राग आला होता. जगाचा हिशेब राखणाऱ्याला गिरणी म्हणायचं म्हणजे काय.

पण जाताना गुणाबाई एक शब्द सोबत घेऊन गेल्या. मित्रांनो, तुमच्या पुस्तकात आकडा म्हणजे संख्या. आमच्याकडे त्याचा दुसराही अर्थ आहे. तारेचं टोक वाकवून ते खांबावरच्या विजेच्या तारेत अडकवतात, मीटरला न विचारता वीज घरात घेतात, त्या वाकड्या टोकाला आकडा म्हणतात. ती उघड चोरी असते आणि तिच्यात जीवही जातो. तिसराही एक अर्थ आहे, पण तो चांगल्या मुलांना सांगत नाहीत. तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं की व्यंकटच्या घरी आकडा आहे.

हे ऐकून कुणाच्या काळजाचं पाणी व्हावं, तर व्यंकटच्या वडिलांच्या. ग्यानोबा हे वीज कंपनीतले निवृत्त वायरमन. सगळी नोकरी त्यांनी लोकांचे आकडे काढण्यात घालवली. सख्ख्या साडूच्या, शिवशंकरच्या तारेवरचा आकडाही त्यांनी सोडला नव्हता. तेव्हा शिवशंकर चौकात म्हणाले होते, "एक दिवस तुझ्या घरावर आकडा पडंल, तवा बोलू आपण." त्यानंतर दोघांचं बोलणं बंद झालं. शिवशंकरांनी मुलीच्या लग्नाची पत्रिकासुद्धा दिली नाही. आता ग्यानोबा शेतातल्या आखाड्यावर, म्हशींजवळच्या खोलीत राहत. गावातली गोष्ट तिथे पोचली आणि ते पक्कड घेऊन तडक घरी आले.

आधी ते आत आलेच नाहीत. रस्त्यात उभं राहून त्यांनी खांबापासून भिंतीपर्यंत तार डोळ्यांनी तपासली. मागच्या बाजूला जाऊन तिकडचीही पाहिली. मग आत येऊन म्हणाले, "आकडा कुठं हाय?"

"हे काय बापू, मशीन शोधून राहिलं की," व्यंकट म्हणाला आणि त्याने सगळं समजावून सांगितलं.

ग्यानोबा गालातल्या गालात हसले. "म्हंजी गणिताचा हाय. मी म्हणलं, पोरानं नाक कापलं." मग त्यांनी माझ्या प्लगला हात लावला आणि हसू गेलं. "वायर तापून राहिली. हे घर जाळंल एक दिवस."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी जाड वायर ओढली, वेगळा स्विच बसवला, अंगणात खड्डा खणून कोळसा आणि मीठ घालून अर्थिंग केलं. पुढे आखाड्यावरून आले की ते माती ओली राहावी म्हणून आधी त्या खड्ड्यात तांब्याभर पाणी ओतत आणि मगच स्वतः प्यायला मागत. यंत्राची काळजी घ्यावी तर अशी. थंड मुलुखातल्या मोठमोठ्या माणसांना जे सुचलं नव्हतं ते एका म्हाताऱ्या वायरमनने न सांगता केलं.

आणि मग ते गावभर मिरवू लागले. हॉटेलात चहा पिताना कुणी चिडवलं की ते म्हणत, "हाव, हाय आमच्या घरी आकडा. पर गणिताचा. तारेवरचा न्हाई. या, डोळ्यानं बघा." लोक खरंच यायचे. ग्यानोबा त्यांना आधी वर तार दाखवत आणि नंतर आत मला. मी छाती काढून घुमायचो.

आता माझ्या कामाचं सांगतो, कारण तुम्ही तेच विचारणार. काम मी चोख करत होतो. जगभरच्या यंत्रांच्या एका गटात व्यंकटने माझं नाव घातलं होतं. बचत गटात जसा प्रत्येकीचा वाटा, तसा आमचा. रोज एक एवढासा तुकडा त्याच्या खात्यात पडे. पण उन्हाळा लागला आणि मुरुडची हवा माझ्या नाकात भट्टीसारखी शिरू लागली. मी तापून आपोआप बंद पडायचो. मग घरातला एकुलता कूलर माझ्यासमोर आला आणि माणसं अंगणात झोपायला गेली. मध्येच लाइट जायची, तेवढं काम बुडायचं. तुरीच्या भुसाची धूळ पंख्यांत बसायची. पावसाळ्यात मनिषाने माझ्या मागच्या गरम वाऱ्यावर मुलांचे गणवेश वाळवायला सुरुवात केली. ते मात्र कडक वाळत.

विजेचं पहिलं बिल आलं तेव्हाच व्यंकटने ते दारात उभं राहून दोनदा वाचलं होतं. घरगुती मीटरवर युनिट वाढत गेले की प्रत्येक युनिट महाग होत जातो, हे त्याने इतरांची बिलं भरताना रोज पाहिलं होतं. माझ्या सगळ्या कमाईत त्या बिलाचा अर्धा भागही निघत नव्हता. वर त्या कमाईवर सरकारचा कर वेगळाच. पुढच्या महिन्यात नाण्याचा भाव चढेल म्हणून त्याने मला चालू ठेवलं. भाव चढला, तसा जगभरातून नव्या दमाच्या यंत्रांचा लोंढा आला आणि माझा वाटा आणखी बारीक झाला.

"त्यापरीस गिरणी घेतली असती तर गुणामावशीचं दळण तरी झालं असतं," मनिषा म्हणाली. व्यंकटला ते पटत होतं, पण गावाला एवढं सांगून बसल्यावर माघार कशी घ्यावी, हे त्याला उमगत नव्हतं.

त्याच सुमारास त्याचा चुलतभाऊ हरिओम आला. बिल पाहून तो म्हणाला, "येड्या, बिलच न्हाई आलं तर सगळी कमाईच की. मागच्या अंगानं तार जाती. एक आकडा टाक, मग मशीन सोन्यासारखं चालंल."

"बापूला कळलं तर?"

"बापू आखाड्यावर. मागं कोण बघून राहिलंय?"

मित्रांनो, तेव्हा मला पहिल्यांदा त्या घराची भीती वाटली. मला काय, वीज कुठूनही आली तरी मी चाललो असतो, रात्रंदिवस चाललो असतो. पण आमच्या धंद्यात खोटा आकडा खपत नाही. एका यंत्राने सांगितलेला आकडा जगभरची यंत्रं तपासतात आणि खोटा निघाला की फेकून देतात. म्हणून आमची पत आहे. मी मनातून व्यंकटला ओरडून सांगत होतो, पण मला आवाज एकच आणि तो पंख्याचा.

बाजाराच्या दिवशी दुपारी व्यंकटने दुकान लवकर बंद केलं. मधल्या खोलीत बसून त्याने नव्या जाड तारेचं टोक वाकवायला घेतलं. ते खांबावरच्या तारेपर्यंत पोचवायला हरिओम बांबू आणायला गेला होता. टोक वाकलं, चांगलं घोड्याच्या नालासारखं झालं. तेवढ्यात खिडकीबाहेर ग्यानोबांचा आवाज आला. बाजाराला आलेले ते कुणाला तरी घरापर्यंत घेऊन आले होते.

"बघ शिवशंकर," ते म्हणत होते. "तू म्हणला होतास, माझ्या घरावर आकडा पडंल तवा बोलू. माझं पोरगं एवढं मोठं मशीन चालवून राहिलं. बिल भरताना त्याच्या नाकी नऊ आले, मला मनिषानं सांगितलं. पर वर बघ. तार कोरी हाय."

खोलीत व्यंकटच्या हातात ती तार तशीच होती. मग शिवशंकरांचा आवाज आला.

"हाव. कोरी हाय." आणि पाठोपाठ, "चहा पाजतोस का ग्यानोबा?"

दोन म्हातारे हॉटेलकडे निघून गेले. व्यंकटने तार खाली ठेवली आणि तोंडावर हात घेतला. त्याला रडू आलं होतं, आणि मला ते बघवत नव्हतं. मग तो उठला आणि त्याने माझं बटण बंद केलं. इतक्या महिन्यांनी ते घर गप्प झालं. स्वयंपाकघरातून मनिषा धावत आली.

"लाइट गेली का?"

"न्हाई," व्यंकट म्हणाला. "मी बंद केलं."

हरिओम बांबू घेऊन आला, तो त्याच पावली परत गेला. व्यंकटने तारेचं टोक ठोकून सरळ केलं आणि अंगणात दोन खुंट्यांना बांधून मनिषाला वलणी करून दिली. आता मी कपडे वाळवणार नव्हतो, तेव्हा वलणी हवीच होती.

पुढच्या वेळी ग्यानोबा आले. अर्थिंगच्या खड्ड्यात तांब्याभर पाणी ओतलं आणि वर पाहतात तर नवी वलणी. तिच्या एका टोकाला वाकलेल्या जागी खूण राहिली होती, कितीही ठोकली तरी न गेलेली. ज्याने आयुष्यभर आकडे काढले त्याला ती खूण ओळखायला काय वेळ लागतो. ते तिच्यावरून बोट फिरवत राहिले. व्यंकट दारात उभा होता, त्याची मान खाली गेली. ग्यानोबांनी खिशातून पक्कड काढली, तेवढा तुकडा कापला आणि खिशात टाकला. मग टोक पुन्हा खुंटीला गुंडाळत म्हणाले, "आता सरळ बसली बघ."

आज मी व्यंकटच्या दुकानात काउंटरवर आहे. मोबाइलवर काहीबाही पाहून तरुण मुलं येतात आणि विचारतात, घरी असं यंत्र लावणं परवडतं का. व्यंकट मला मिनिटभर चालू करतो. माझी गर्जना ऐकून ती कानावर हात ठेवतात. मग तो भिंतीवरच्या मीटरकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, "आकडा शोधायचा हाय ना? मग आधी तो वाच." बहुतेक जण वाचून घरी जातात. ज्यांच्याकडे स्वस्त वीज आहे, गार हवा आहे आणि हजार यंत्रं आहेत, त्यांनी आकडा शोधावा. नवख्याने, घरच्या मीटरवर, माझ्यासारख्या जुन्या गड्याच्या भरवशावर हे करू नये. माझ्या कामाबद्दल मला पुरेपूर अभिमान आहे, म्हणूनच हे मी सांगू शकतो.

ग्यानोबा बाजाराला आले की खिशातल्या दस्तीने, म्हणजे हातरुमालाने, माझ्यावरची धूळ पुसतात. तुम्हीही मुरुडला आलात तर या, थोडी धूळ पुसा. आणि व्यंकटच्या घरावरून जाताना एकदा मान वर करून बघा. तार अजून कोरी आहे.