नत्थू मिस्त्रीच्या चकत्या

"थांबा गा! कोणी हलू नका."

प्रेमानंद मिस्त्रीने हात वर केला तसे साखळी ओढणारे चौघे जागच्या जागी थांबले. गाडीची बॉडी चेसिसवरून, खालच्या लोखंडी सांगाड्यावरून, बोटभर सुटली होती, पण मागचा एक कोपरा अडून बसला होता. सत्तर वर्षांची, दोन सीटची, उघड्या टपाची विलायती गाडी. उचलताना मधेच वाकली तर दारं जन्मात लागायची नाहीत. म्हणून त्याने दोन्ही दारांच्या जागी आडवे पाइप आवळून बसवले होते. तो गाडीखाली सरपटत गेला, चिखलाच्या पापुद्र्यात लपलेला शेवटचा बोल्ट हाताने चाचपून काढला आणि बाहेर आला.

"आता घ्या. सावकाश."

बॉडी अशी समतोल वर गेली, की आत काठोकाठ भरलेला पेला ठेवला असता तरी थेंब सांडला नसता.

"उचलली?" खुर्चीवर बसलेल्या मधुकररावांनी विचारलं.

"उचलली, साहेब."

गाडी त्यांची. दोन वर्षांपूर्वी धंतोलीच्या डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यांपुढे हात टेकले होते. काम देताना ते धरमपेठेहून मुद्दाम इंदोऱ्यात, प्रेमानंदच्या गॅरेजवर आले होते आणि म्हणाले होते, "रंग कोणताही लाव, मला काय दिसणार आहे! पण दार लावल्यावर तो ठप्प आवाज तसाच आला पाहिजे. त्या आवाजावर आमची यमू चहा ठेवायची." त्यांच्या पत्नीला, यमूताईंना, जाऊन सहा वर्षं झाली होती. प्रेमानंदने शब्द दिला होता.

बॉडीखाली आठ ठिकाणी, चेसिसवर टेकू म्हणून घातलेल्या चामड्याच्या चकत्या निघाल्या, ग्रीसने काळ्या पडलेल्या. कोणत्याही दोन सारख्या जाडीच्या नव्हत्या. पन्नास वर्षांपूर्वी प्रेमानंदच्या बापाने, नत्थू मिस्त्रीने, त्या कापल्या होत्या. हाताशी ना माप ना पुस्तक. नुसतं दार लावून कान द्यायचा आणि चामडं तासायचं. प्रेमानंद बघतच राहिला. बाप जिवंत असताना त्याने असं कौतुक कधी केलं नव्हतं. उलट अंगठाछाप बापाची त्याला चारचौघांत लाजच वाटायची.

शाळा शिकलेल्या माणसासारखं त्याने चकत्यांवर खडूने एक ते आठ आकडे टाकले आणि त्या घमेल्यात ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी घमेलं रिकामं होतं. चकत्या अंगणात सुपात वाळत होत्या. लख्ख, बिनआकड्याच्या.

"सुभद्रा! हे काहून धुतलं वं?"

"काहून ओरडून राहिले? किती चिकट होते ते! सोड्याच्या पाण्यात घासून काढले," बायको म्हणाली. त्याचा चेहरा पाहून तिचाही उतरला.

प्रेमानंदने मोबाइल काढला. आकडे टाकण्याआधीचे फोटो होते, पण त्यात सगळ्या चकत्या सारख्याच काळ्या. अदलाबदल झाली की दार एक तर घासणार, नाही तर खुळखुळणार. मधुकरराव आले तेव्हा त्याने काही लपवलं नाही.

"साहेब, शब्द गेला माझा."

"एक दे बरं हातात."

मधुकररावांनी चकतीच्या कडेवरून अंगठा फिरवला, थांबले, पुन्हा फिरवला. "इथे खाचा आहेत रे. तीन." दुसरी घेतली. "हिला सात."

प्रेमानंदने चकती उन्हात धरली. इतकी वर्षं ग्रीसने बुजलेल्या बारीक खाचा सुभद्राच्या घासण्याने मोकळ्या झाल्या होत्या.

"बापाले आकडे येत नव्हते, साहेब," तो म्हणाला. "जागा मोजायचा मात्र नेहमी डायव्हरच्या पायापासून, गोल फिरत. मलेही तसंच शिकवलं."

"मग लाव तशाच," मधुकरराव म्हणाले. "आणि बायकोची माफी माग आधी."

चेसिस साफ होऊन, रंगून यायला तीन महिने गेले. प्रेमानंदने खाचा मोजत आठही चकत्या मांडल्या. बॉडी खाली आली, बोल्ट आवळले गेले, पाइप निघाले. मधुकरराव खुर्चीत पुढे सरकून बसले.

प्रेमानंदने दार लावलं. ठप्प.

सुभद्राने उठून स्टोव्हवर चहाचं आधण ठेवलं.

"पुन्हा," मधुकरराव म्हणाले.

त्याने पुन्हा लावलं.

तिसऱ्यांदा मात्र कोणी सांगितलं नव्हतं. प्रेमानंदने दार उघडलं, कान दिला आणि बाप लावायचा तसं, तळहाताने हलकेच लोटलं.