सात दिवसांचे सहा प्रश्न

रंभाबाईंना कुंभारीहून दवाखान्यात आणताना त्यांच्या मुलानं, मल्हारनं मोटारसायकलवर दोघांच्या मधे कापडी पिशवी ठेवली. पिशवीत काय, तर पाण्याची बाटली आणि जुने केसपेपर. हँडलला नवी पेठेतल्या शिंप्याकडे द्यायचं गाठोडं लटकत होतं. तिथं जागा नाही म्हणून ठेवली असेल, अशी रंभाबाईंनी मनाची समजूत घातली. आया असल्या समजुती घालण्यात भलत्या तरबेज असतात.

दोन वर्षांपासून त्यांच्या हातांना इसब होतं. भेगा पडत, पाणी सुटे, खाजवून खाजवून जीव नकोसा होई. सून प्रियंकानं आधी त्यांच्या हातची भाकरी बंद केली, मग पाण्याची कळशी उचलून आत ठेवली. चार महिन्यांपूर्वी नात झाली, पण ती अजून एकदाही आजीच्या मांडीवर आली नव्हती. कुणी भांडलं नाही, तोडून बोललं नाही. फक्त रंभाबाई जवळ गेल्या की बाळाची दूध प्यायची वेळ व्हायची.

दवाखान्यात वैजयंती नावाची मुलगी कागद घेऊन बसली होती. इसब कितपत आटोक्यात आहे हे मोजायची नवी प्रश्नावली मराठीत केली होती, आणि ती पेशंटना नीट कळते का, हे तिला तपासायचं होतं. ज्यांचा त्रास जास्त निघेल त्यांना डॉक्टर नवं औषध देणार होते. प्रश्न जसाच्या तसा वाचायचा, पदरचा शब्द घालायचा नाही, अशी तिला ताकीद होती.

"मावशी, गेल्या सात दिवसांत घरकामात किती अडचण आली?"

"कायबी न्हाय."

खोटं कुठं होतं? हातात काम देतंय कोण!

"गेल्या सात दिवसांत खाज किती सुटली?"

"हाय थोडी."

"इसबामुळे मनाला किती वेळा वाईट वाटलं?"

रंभाबाईंनी शेजारी बघितलं. मल्हार मोबाइल बघत होता, पण त्याचा अंगठा थांबला होता.

"न्हाय की. पोरगा-सून लई करत्यात माजं."

अंगठा पुन्हा फिरू लागला.

सहा प्रश्न संपले. वैजयंतीनं कागद उलटला. "आता सांगा, तुम्हाला असा काही त्रास आहे का, जो आम्ही विचारलाच नाही?"

नात अगदी ओठांवर आली. पण पोटचा पोरगा शेजारी बसलेला, आणि घरातलं चव्हाट्यावर मांडायचं नाही हे त्या जन्मभर शिकलेल्या. या शिकवणीवर कुठल्या दवाखान्यात मलम मिळत नाही.

"समदं इचारलं की, बाई."

उठता उठता मात्र त्यांना राहवलं नाही. "पोरी, ह्ये दुसऱ्याला लागतं का गं?"

"छे हो मावशी! इसब लागट नसतं. लेकरंबाळं खुशाल जवळ घ्या, कुणाला काही होत नाही."

चांगली मोठ्यानं बोलली पोरगी. रंभाबाईंना एकदम हलकं वाटलं. मल्हारनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं!

डॉक्टरांनी उत्तरांच्या गुणांची बेरीज बघितली. "छान, आटोक्यात आहे. जुनंच मलम चालू ठेवा." नवं औषध मागच्या बाईला मिळालं. रंभाबाईंना त्याचं काहीच वाटलं नाही. आज घरी गेल्यावर बाळ मांडीवर घ्यायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

बाहेर येऊन मल्हारनं बायकोला फोन लावला. "आटोक्यात हाय म्हनले... व्हय, निघतोय." एवढंच.

"मल्हार, ती पोरगी काय म्हनली, आयकलंस न्हवं?"

"आयकलं की आये," तो खाली बघून म्हणाला.

गाठोडं येतानाच नवी पेठेत दिलं होतं. हँडल मोकळं होतं. मल्हार गाडीवर बसला, थोडा पुढं सरकला आणि पिशवी उचलून त्यानं पाठीमागं, सीटच्या मधोमध ठेवली.

"बस, आये."

रंभाबाई बसल्या. या खेपेला मनाची काय समजूत घालावी, ते त्यांना सुचेना.